गालातली पत्ती

वैशाख शुद्ध पंचमी, सन १९४६. पळसदरी. पुतणी सुशीचे लग्न. मांडवात हजर : थोरले बंधू अण्णा, वहिनी, भटजी, आचारी, खोपोलीहून आलेला कर्णेवाला बाबू आणि यादी घेऊन मी, गावचा मास्तर. बोलावणे नसताना आलेले : रामाकाका सनईवाले.

लग्नाच्या दिवशी रामाकाका बोलत नसत. सनईची पत्ती भिजल्याशिवाय सूर देत नाही, म्हणून सकाळीच ती गालात धरत. काही विचारले तर मान हलवत. एरवी तोंड थांबत नसे. माझ्या बहिणीच्या पाठवणीनंतर मला म्हणाले होते, "तू रडत व्हतास, म्हनून सूर वर चढवला. कुनाला ऐकू नाय आलं."

आमच्याकडे लग्नाआधी आठ दिवस वाजंत्र्याच्या दारी बोलावण्याचा विडा न्यायची रीत. माझ्या प्रत्येक यादीतले पहिले कलम तेच असे. या वेळी अण्णांनी सनईऐवजी तबकड्या वाजवणारा कर्णा ठरवला. चार गावांना ऐकू जाईल म्हणाले. मी ते कलम खोडले. 'वाजप' हा शब्द 'माणसे' या यादीतून काढून 'सामान' या यादीत, बत्त्यांच्या खाली लिहिला. रामाकाकांना कळवायचे कोणालाच सुचले नाही.

नवरदेव मांडवाच्या दारात आला. बाबूने तबकडी लावली, ती नेमकी पाठवणीची निघाली. रामाकाकांनी गालातली पत्ती काढून हातात घेतली.

"आरं बाबू, नवरा आत्ता दारात आला, आन तू पोरीला घालवून बी टाकलीस?"

बायका हसल्या. बाबू म्हणाला, "काका, तबकडीवर नुसतं सनई लिवलंय."

रामाकाका कर्ण्याजवळ जाऊन ऐकत राहिले. "वाजवतो चांगला. पन दारात कोन आलंय, ते बघत नाय." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, माजं नाव कंच्या यादीत हाय?"

त्यांना वाचता येत नव्हते. काहीही सांगता आले असते.

"वाजप सामानात आहे," मी म्हणालो.

त्यांनी ओली पत्ती माझ्या कागदावर ठेवली. "मंग हीबी लिवा."

जेवून जा, असे मी म्हणालो. पत्रावळी मोजून मांडल्या होत्या, त्यात त्यांची नव्हती. ते गेले. मी बत्त्या मोजायला घेतल्या.

श्रावणात ते वारले. तेराव्याला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "म्या म्हनलं, इडा आला नाय, नका जाऊ. तर म्हनले, मास्तर इसरला असंल, यादी मोठी असते त्याची."

मला रडू आले नाही. कोण कोण आले आहे, ते मी मनात मोजत होतो.

आता गावात सगळ्याच लग्नांना कर्णा येतो. याद्या मीच करतो. पत्ती त्याच वहीत आहे. खालचा ओला डाग वाळून पिवळा झाला. ती कोणत्या यादीत लिहायची, ते ठरलेले नाही. एकदा काकूंना परत द्यायला निघालो होतो, ओढ्यापर्यंत जाऊन मागे आलो.

कलम पहिले : रामाकाकांकडे विडा नेणे. खोडले होते, ते पुन्हा लिहिले आहे. पुढे झाल्याची खूण नाही.