नाटकातला मातीचा कप

"तुमच्या हातात आहेच की तो. त्यातच ओतते."

वहिनींनी चहा ओतला. बाकी सगळ्यांना पांढरे, सोनेरी काठाचे कप. मला नाटकातला मातीचा. मी फरशीवर बसलो होतो, कारण सीन तसा होता. पण सीन संपला होता. ब्रेक झाला होता. सगळे सोफ्यावर जाऊन बसले, मला कुणी वर ये म्हटलं नाही. मी तो चहा प्यालो. सगळा प्यालो.

अबू धाबीतली गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी ड्राफ्ट्समन. वहिनींचे मिस्टर तिथले मॅनेजर, आमचे साहेब. मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. गणपतीसाठी साहेबांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. गोऱ्यांचे पोलोचे घोडे मैदानाची पार वाट लावतात, आपल्या लोकांना क्रिकेटला जागा उरत नाही. मग अर्ज, सभा, भाषणं. वर्षभर नुसतं राजकारण. शेवटी मॅच. आपले लोक गोऱ्यांना हरवतात, तेही एका खालच्या जातीच्या बोलरच्या जिवावर. त्याला तंबूत यायची परवानगी नाही. त्याचा चहा बाहेर, मातीच्या कपात. जिंकल्यावर त्यानं कॅप्टनपुढे हात जोडून म्हणायचं, "मालक, तुमचा विजय तोच माझा विजय." पडदा.

कॅप्टन अर्थातच साहेब. बोलर मी. शुक्रवारी मुसफ्फाच्या वाळूत कंपनीच्या टीमकडून मी बोलिंग टाकायचो, म्हणून मला घेतलं असं समजत होतो. तालमी साहेबांच्याच घरी व्हायच्या. पहिल्याच तालमीत विचारलं, "साहेब, हा बोलर चिडत कसा नाही?"

"तुला अ‍ॅक्टिंग करायचीच नाहीये रे," साहेब म्हणाले. "तुमच्या रक्तातच आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. घरी येताना टॅक्सीत डोक्यात प्रकाश पडला. थोड्या दिवसांपूर्वी साहेब आमच्याकडे जेवायला आले होते. हॉलमधला निळ्या कोटातला फोटो त्यांनी बघितला होता. पोट जरा बिघडलंय म्हणाले आणि अर्ध्या जेवणातून उठले. त्या दिवसापर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणत होते.

तालमीत साहेब गोऱ्यांविरुद्ध तावातावानं भाषण करायचे. आम्ही माणसं नाही का, आमचा मान नाही का, घसा बसेपर्यंत. आणि ब्रेक झाला की मला तोच कप. तालीम संपली की वहिनी तो धुऊन बाल्कनीत कुंड्यांपाशी ठेवायच्या. स्वयंपाकघरात नाही. अरे, समुद्र ओलांडून आलात, विमानात कुणाच्याही शेजारी बसलात, कॅन्टीनमध्ये कुणाच्याही हातचं खाल्लंत. फक्त मी तेवढा बाटवणारा?

बायको सातव्या महिन्यात होती. व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. साहेबांनी मनात आणलं की आमचं सगळं खलास. बायको म्हणाली, "एवढं नाटक होऊ दे. बाळ होऊ दे. मग बोला काय बोलायचं ते." मी बरं म्हटलं. बाथरूममध्ये जायचो आणि नळ सोडून रडायचो. कुणाला सांगणार होतो?

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आमची मुलगी घरी हॉलमध्ये भातुकली मांडून बसली होती. के.जी.त होती ती तेव्हा. तालमीला रोज माझ्याबरोबर यायची. तिनं बाहुल्यांना ओळीनं बसवलं, प्लॅस्टिकचे गुलाबी कप दिले. मग दूध पावडरच्या डब्याचं झाकण उचललं आणि लांब, दाराशी चपलांजवळ नेऊन ठेवलं.

"ते कुणाचं गं?" बायकोनं विचारलं.

"दॅट्स बाबाज. बाबा सिट्स देअर."

बायको खाली बसली. तिनं ते झाकण हातात घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या ते वाक्य बोलू नका."

प्रयोगाला हॉल गच्च भरलेला. मॅच जिंकली. टाळ्या. साहेब तंबूतल्या खुर्चीवर, मी बाहेर जमिनीवर, कप हातात. वाक्य माझं होतं. मी उठलो. तंबूत गेलो. साहेबांशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि कप त्यांच्या हातात दिला.

"विकेटी मी काढल्या," मी म्हणालो. "आज यातून तुम्ही प्या. माझा चहा इथं आणा."

लोकांना वाटलं, नाटकच आहे. काय टाळ्या पडल्या. साहेब ओठ न हलवता पुटपुटले, "ऊठ तिथून." मी उठलो नाही. पडदा पडेपर्यंत बसून राहिलो.

शनिवारी ऑफिसात गेलो तर व्हिसा कॅन्सल. कारण दिलं, कामात हलगर्जी. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचाही फोन आला नाही. अवघडलेल्या बायकोला घेऊन विमानात बसलो. मुलगा इकडे आल्यावर झाला, सरकारी दवाखान्यात. पुढं बरेच दिवस काम नव्हतं. हाल झाले, खोटं कशाला सांगू. बायकोचे जास्त झाले.

आता कुठंही गेलो आणि चहा आला की मी आधी बाकीच्यांचे कप बघतो. माझा वेगळा असला तर पीत नाही. आणि उठूनही जात नाही. तिथंच बसतो, खुर्चीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं. ज्याला चालत नसेल त्यानं उठावं.