जिवंत पूड आणि पैजेची शेंडी

आमच्या ठाण्याच्या इंग्रजी शाळेत पुण्याहून एक तरुण मास्तर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गाला वेड लावलं. तोवर शास्त्र म्हणजे पुस्तक उघडायचं, घोकायचं आणि मिटायचं. या मास्तरांनी टेबलावर कागदाच्या पुड्या मांडल्या आणि म्हणाले, "आत काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही मला एवढंच सांगा, हे जिवंत आहे की निर्जीव?"

आम्ही मिसरूड फुटू लागलेले दांडगट. असा प्रश्न आम्हांला जन्मात कुणी विचारला नव्हता. सगळे टेबलाकडे धावलो आणि पहिल्याच झटक्यात शाईची दौत सांडली.

पहिल्या पुडीत पांढरे खडे होते. त्यांवर पाणी ओतताच ते फुसफुसले, तापले, फुगले, वाफा सोडू लागले. "जिवंत! जिवंत!" आम्ही ओरडलो. माझ्या शेजारी बसणारा माझा जिवलग मित्र म्हणाला, "पाणी प्यायला, तापला आणि फुगून बसला. अगदी आमचे काका!"

"मग काकांना आणखी पाणी पाजा," मास्तर शांतपणे म्हणाले. पाजलं. काका ढिम्म. तो कळीचा चुना होता.

दुसऱ्या पुडीतला तुकडा पाण्यात टाकला, तर तो गरगर फिरत नाचूच लागला. आता मात्र शंकाच नको, म्हणून आम्ही बाकांवर चढून टाळ्या पिटल्या. शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शास्त्रीबुवा आमच्यावर ओरडायला म्हणून आले आणि स्वतःच वाकून बघत उभे राहिले. तो निघाला कापूर. आम्ही दुसऱ्यांदा तोंडावर आपटलो. तिसऱ्या पुडीतले काळे दाणे भिजून फुगले, तेव्हा आम्ही शहाण्यासारखे "निर्जीव" म्हणालो, आणि चार दिवसांत त्या सब्ज्याला मोड आले. इतकं चुकूनही इतका आनंद होतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग आली करडी पूड. आंबूस वासाची, भुरभुरीत, चुलीतल्या राखेसारखी. मला तीन फजित्यांचा राग आलेला, त्यात स्वभाव मूळचा तापट. मी उभा राहून गर्जलो, "ही जर जिवंत निघाली तर मी माझी शेंडी कापून देईन!"

सगळ्या वर्गाच्या नजरा माझ्या शेंडीकडे वळल्या. कारण माझे वडील भिक्षुक, आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते एकाच अटीवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आळीतल्या एकाचा मुलगा इंग्रजी शिकून शेंडी उडवून आला होता. तेव्हापासून वडील बजावत, "ज्या दिवशी शेंडी जाईल, त्या दिवशी शाळा जाईल." आणि मला तर त्या पुड्यांशिवाय आता एक दिवस करमणार नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता. मित्राने टुणकन उडी मारली, "लागली पैज!"

मास्तरांनी पुडीचे दोन भाग केले. एक भाग पाण्यात खळखळ उकळून गार केला, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही भाग दोन बाटल्यांत भरून वर गुळाचं पाणी घातलं. बाटल्यांच्या तोंडांना पपईचे पोकळ देठ बसवून त्यांची टोकं चुन्याच्या निवळीत सोडली. "आपण जो श्वास सोडतो, त्याने ही निवळी दुधाळ होते," मास्तर म्हणाले, आणि निराळ्या भांड्यातल्या निवळीत फुंकून आम्हांला ते पाहायला लावलं. "बघू या, पूड श्वास सोडते का."

दुपारच्या सुट्टीनंतर आलो तर उकळलेली बाटली मुकाट, आणि दुसरीला फेस! निवळीत बुडबुडे उठत होते. बघता बघता ती ताकासारखी पांढरी झाली. वर्ग नाचला. खरं सांगतो, हरलेला मी सगळ्यांत जास्त नाचलो. राखेसारखी धूळ, आणि श्वास सोडते! मास्तर म्हणाले, "उकळून जिला मारता आलं, ती आधी जिवंत असणारच." मग त्यांनी हळूच सांगितलं की तो पाववाल्याकडचा, पाव फुगवायला घालतात तो ताडीच्या तळाचा वाळवलेला गाळ आहे. ताडी म्हणताच अर्धा वर्ग हात धुवायला विहिरीकडे पळाला.

शाळा सुटल्यावर विहिरीमागे मित्र हजर. कात्री मिळाली नव्हती म्हणून त्याने आपल्या वडिलांचा अडकित्ता आणला होता. सुपारीच्या त्या हत्याराने माझी शेंडी कातरता कातरता आम्ही दोघं हसून लोळलो. "अरे, हलू नकोस रे, कान जाईल!" तो ओरडत होता.

संध्याकाळी वडिलांशेजारी संध्येला बसलो तेव्हा हसू विरलं. शेंडीला गाठ मारायची म्हणून हात मागे गेला आणि हाताला नुसते खुंट लागले. हात तिथेच राहिला. वडिलांनी मान वळवून पाहिलं. त्यांनी संध्या पुरी केली आणि पळी-पंचपात्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद."

मला रडू कोसळलं. आई दारात येऊन म्हणाली, "अहो, पण कापली कशापायी ते तरी विचारा."

मी हुंदके देत सगळं सांगितलं. ताडी हा शब्द तेवढा गिळला. "पूड श्वास सोडते?" वडील उसळले. "काय चेष्टा आहे?"

"अप्पा, दाखवतो." त्यांच्याच पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, तो तळाशी बसल्यावर वरची निवळी भांड्यात ओतली आणि परसातल्या पपईचा देठ त्यांच्या हाती दिला. "तुम्हीच फुंका. तुमच्या श्वासाने होईल, तेच त्या पुडीने केलं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत देठ ओठांना लावला. निवळी पांढरी झाली. त्यांच्या भुवया वर गेल्या. आम्ही पोरं एवढ्यावर थांबलो होतो, पण वडील रोज प्राणायाम करणारे, त्यांचा दम कसला संपतो! ते गाल फुगवून फुंकतच राहिले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आणि मग एक नवलच झालं. पांढरं झालेलं ते पाणी हळूहळू विरत विरत पुन्हा निवळ झालं.

वडिलांनी देठ काढला. त्यांना धाप लागली होती, आणि चेहऱ्यावर आमच्या वर्गाचं हसू होतं. "हे असं का झालं?"

"मला नाही ठाऊक, अप्पा. मास्तरांनी इथवर दाखवलं नाही."

त्यांनी भांडं दिव्याजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग उद्या लवकर जा, आणि विचारून ये."