कटिंगचं दुकान, दुकानच असते ना?

हे लिहायचं मी किती दिवस टाळतोय. मोबाईल उघडतो, लोणारचे फोटो बघतो, बंद करतो. भीती वाटते, दुसरं काय.

एक संस्था मूलभूत हक्कांचा कायदा गावोगाव सोप्या भाषेत सांगणाऱ्यांना पेट्रोल-जेवणापुरते पैसे देते. माझ्याकडे गाडी होती आणि बारावीनंतर दुसरं काहीच नव्हतं. संस्थेच्या सुलभाताईंनी थोडं शिकवलं, चित्रांचे फलक दिले. निघालो खामगावहून.

आधी सोनाळा. पारावर फलक टांगले, लोकांनी ऐकलं, पिठलं-भाकर खाऊ घातली. सातपुडा दिसला म्हणून गाडी तिकडे वळवली आणि अर्धा दिवस घालवला. वाटलं, फुकटात फिरणंच आहे हे!

मग चिखली, मेहकर करत डोणगाव. रस्ता चांगला, पण आतल्या फाट्यावर खड्डे, पंक्चरचं सामान ठेवाच. त्या आतल्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथं मी नेहमीसारखं सांगितलं, "दुकान, हॉटेल, विहीर, कुठंच जातीवरून कोणाला अडवता येत नाही."

मागून विलास नावाच्या पोरानं विचारलं, "भाऊ, कटिंगचं दुकान, दुकानच असते ना?"

"असतेच की!" मी हसत म्हणालो. हसलं कोणीच नाही.

गावातल्या दुकानात त्याच्या वस्तीतल्यांना बसू देत नाहीत, ते सगळे कटिंगला बसनं डोणगावला जातात, हे नंतर कळलं. "उद्या सकाळी जाऊन राह्यलो मी," विलास म्हणाला. त्याची आई मला म्हणाली, "तुमी तं गाडीवर बसून निघून जासान, बाबू. याले इथंच राहा लागते."

मुक्काम केला. सकाळी त्याच्यासोबत गेलो.

दुकानदार नामदेवकाका वस्तऱ्याला धार लावत होते. विलास खुर्चीत बसला. काकांनी बाहेर पाहिलं. समोरच्या ओट्यावर माणसं गोळा झालेली.

"मान हलवू नको बे," ते पुटपुटले, "माह्याच हाताचा भरवसा नाई मले."

कटिंग पुरी झाली. कोणी ओरडलं नाही, अडवलं नाही. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं फक्त मला विचारलं, "सर, कधी निघून राह्यले तुमी?" इतक्या गोड आवाजात, की मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली. निघताना काकांना म्हणालो, "काही लागलं तर खामगावला या." पत्ताही सांगितला. म्हणतो ना आपण असं.

लोणारपर्यंत मागे एक मोटरसायकल दिसत राहिली. असेल कोणीतरी आपल्या कामाचा. सरोवराच्या काठावर उभा राहिलो, पण नजर रस्त्याकडेच. एवढं गोल, एवढं हिरवं पाणी, आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

घरी आल्यापासून विलासला रोज फोन करतो. "मले कोणी हात नाई लावला," तो काल म्हणाला. "पण काकाच्या दुकानात आता कोणीच जात नाई."

ताई विचारतात, लोकांना काय समजलं? काय सांगू! लोकांना समजलं. समजल्यावर पुढे काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. उठून उघडलं, तर नामदेवकाका. काखेत कैची-वस्तऱ्याची पेटी.

"खुर्ची तिथंच राह्यली," ते म्हणाले. "विलासचा हक्क तं सांगतला बाबू तुमी. आता माहा कोणता, थो सांगा."