उंब्रजला येणारी प्रुफं

माझा संसार दोन वर्षांत मोडला आणि मी उंब्रजला आबांकडे परत आले. आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ सांगलीला नोकरीला, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. आबा फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. मला घरी बसलेली बघणं त्यांना जमेना. त्यांनी माझं अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करून घेतलं आणि साताऱ्यात एका छापखान्याला मुद्रितशोधक हवाय असं कळल्यावर मला घेऊन गेले. मालकांनी एक पान तपासायला दिलं. मी चुका काढत असताना आबा बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. काम मिळालं तेव्हा परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "कायबी झालं तरी हे सोडायचं न्हाई, पोरी."

सहा वर्षं मी रोज सकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेले. मग एका पहाटे आबा अंगणात तोंड धुताना कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कऱ्हाडच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडं एकच शब्द उरला होता, 'व्हय'. भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय. नाही म्हणायचं असलं की चेहरा लाल व्हायचा, मान हलायची आणि तोंडातून पुन्हा तेच यायचं. मग ते डाव्या हातानं कपाळावर मारून घ्यायचे.

त्यांना सोडून जाणं शक्यच नव्हतं. मी राजीनामा लिहून नेला. मालकांनी तो वाचून माझ्याकडंच परत दिला. "बाई, खिळे जुळवायला माणसं इथं लागतात. वाचायला कुठंही बसलं तरी चालतंय की. प्रुफं मी गाडीनं धाडतो," ते म्हणाले.

तशी माझी कचेरी घरी आली. सकाळी प्रुफांचं पाकीट साताऱ्याहून कऱ्हाडला जाणाऱ्या गाडीतून यायचं. मी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरकडून घ्यायची आणि तपासलेलं आदल्या दिवशीचं पाकीट दुपारी साताऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत द्यायची. बघणाऱ्यांना वाटायचं, हिचं बरंय, घरात बसून काम. मलाही पहिले दोन महिने तसंच वाटलं. आबांच्या खाटेशेजारी बसून मी मोठ्यानं वाचायची. संस्थेचा अहवाल, लग्नपत्रिका, कीटकनाशकाचं माहितीपत्रक, जे असेल ते. ते मन लावून ऐकायचे.

पण आबांना मी घरात असून त्यांच्याकडं बघत नाही, हे हळूहळू सहन होईना. मी कागदात डोकं घातलं की ते पदर ओढायचे. काय हवंय ते विचारायला लागले की सगळ्याला व्हय. पाणी? व्हय. कूस बदलू? व्हय. काही नको? व्हय. शेवटी मी ओरडायची. मग त्यांचे डोळे भरायचे आणि मी कागद बाजूला टाकून नुसती बसून राहायची. दुपारची गाडी निघून जायची. छापखान्यात सहाला सुटका तरी व्हायची. घरी काम सुरू कधी होतं आणि संपतं कधी, तेच कळेना.

अशातच एका शाळेची स्मरणिका आली. आजवरच्या मुख्याध्यापकांची यादी होती. खिळे जुळवणाऱ्यानं सगळ्या नावांमागं 'कै.' लावलं होतं. शेवटचे गुरुजी हयात होते. त्या पानावर असताना आबांनी अंथरूण ओलं केलं. मी उठले, सगळं आवरलं, परत बसले आणि पुढच्या पानापासून वाचायला लागले.

मालकांना छापण्याआधी त्या शेवटच्या 'कै.'ची शंका आली होती. त्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदारानं हाक मारली, "आवं ताई, साताऱ्याचा फोन हाय, लवकर या!" तेव्हा मी आबांना आंघोळ घालत होते. ओल्या अंगानं त्यांना एकटं सोडता येईना. पुसून, कपडे घालून, खाटेवर निजवून मी पळत गेले, तर फोन कधीच बंद झालेला. इकडून लावला, लागला नाही. स्मरणिका तशीच छापली गेली.

गुरुजी समारंभात व्यासपीठावर बसले होते. त्यांनीच स्मरणिका उघडली.

मालक मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोलावून समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात कॉम्प्युटर येतोय. आता पडद्यावरच दुरुस्त्या होणार, ऑपरेटरशेजारी बसून. पाकिटं धाडायचा काळ संपला. तुम्ही या, न्हाईतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागंल." मी म्हटलं, "आबांचं काय करू?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

मी जायला लागले. शेजारच्या काकूंनी दुपारी जेवू घालायचं कबूल केलं. पहिल्या सकाळी मी आबांना विचारलं, "जाऊ का?" ते म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "की नको जाऊ?" ते म्हणाले, "व्हय," आणि माझं मनगट धरलं. ते सोडवून घेताना मला जोर लावावा लागला.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी परत आले, तर दारात माणसं जमलेली. आबा उंबऱ्याशी पडले होते. काकू जेवू घालून गेल्यावर ते खाटेवरून उतरून फरशीवर घसटत तिथवर आले होते. कोपर सोललं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि भावजय भाड्याची जीप घेऊन आले. "आक्का, मी न्हेतो. तुझी नोकरी जायला नको," तो म्हणाला. मी नको म्हणाले नाही. भावजयीनं माझ्या हातून त्यांच्या कपड्यांची पिशवी घेतली. आबा मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसले होते आणि मोठ्यानं रडत होते. जीप हायवेला लागेपर्यंत ऐकू येत होतं.

दर रविवारी मी सांगलीला जायचे. सहाव्या-सातव्या खेपेला भावजयीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती वाईट बाई नाही, त्यांचं सगळं तीच करायची. खाली मान घालून म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. तुमी जाता, आन् ते दोन दिस जेवत न्हाईत. थोडं दिस येऊ नका. त्यांना हितं रुळू द्या."

मी दोन महिने गेले नाही. रविवारी घर झाडायचे, कपडे धुवायचे आणि दुपारी काय करावं ते सुचत नसे.

त्यानंतर गेले तेव्हा आबा खिडकीजवळ बसले होते. अंगावर थोडं मांस आलं होतं. भावजय ताट घेऊन आली, तसं त्यांनी आपणहून तोंड उघडलं. मी शेजारी बसून छापखान्यातलं काही काही सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढचा घास घेण्यासाठी तिच्याकडं वळले. भाऊ हळूच म्हणाला, "बघितलंस? रुळले." मी मान हलवली. हेच तर आम्हा सगळ्यांना हवं होतं. चारच्या गाडीला वेळ होता, तरी मी लवकर उठले.