शेडमधली लंगडी मांजर

सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमधून युनियनची पत्रकं वाटायचो, तेव्हा चाकावर सुताच्या कांड्या भरणारी एक बाई रोज दिसायची. पायाशी तिची मांजर. मागात सापडून मांजरीचा मागचा पाय कायमचा वाकला होता.

"आजारी जनावर हितं नको. लांब सोडून ये," मालक एकदा बाईला म्हणाला.

बाईचं चाक थांबलं नाही. "आजारी न्हाय, लंगडी हाय. खळ लावल्यालं सूत कुरतडणारं उंदीर तीच धरती की."

माझं डोकं फिरलं. "पाय तुमच्याच मागानं मोडलाय. वर तिलाच हाकलता?"

"तुमी गप बसा, दादा," बाई थकल्या आवाजात म्हणाली. "तुमी भांडून जाल. ऱ्हायचं हिला हाय."

'उद्या बघतो,' म्हणत मालक गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याची चाहूल लागली की बाई मांजरीला उचलून सुताच्या पोत्यावर बसवायची. बसलेली मांजर धडधाकट दिसते.