सत्काराच्या दिवशी उघडलेलं झाकण

परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगासाठी नव्या धर्तीचे पिक्सेल मॉड्यूल बनतात. आगपेटीएवढा तुकडा, त्यावर असंख्य बारीक ठिपके. एखादा कण आरपार गेला की कोणत्या ठिपक्यातून गेला, ते कळतं. हे तुकडे थंडीत टिकतात का, ते आम्ही नवा रायपुरातल्या लॅबमध्ये तपासतो. कोरड्या हवेच्या पेटीत त्यांना गारठवायचं, मग हळूहळू गरम होऊ द्यायचं. तोवर झाकण उघडायचं नाही. नव्या पोट्ट्यांकडून हा नियम मीच घोकून घेते, तोही डोळे वटारून.

त्या दिवशी विहारात माझा सत्कार होता. आमच्या मोहल्ल्यातली पहिली पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हणून. बाबा सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सत्काराचा घाट त्यांनीच घातलेला. फोनवर फोन.

"लोकं येऊन बसले ना! काहून उशीर करून राहिली वं?"

"निघालीच, बाबा," म्हटलं आन् झाकण उघडलं.

पेटी अजून गार होती. श्रावणातली ओली हवा आत घुसली, मॉड्यूलवर दव धरलं, आन् मूर्ख मी, व्होल्टेजही बंद केलं नव्हतं. स्क्रीनवरचे सगळे ठिपके एका झटक्यात मेले. व्होल्टेज बंद केलं. पेटी लावली, कोणाला काही न सांगता साडी नेसली आन् निघाली.

विहारात बाबा माइकवर सांगत होते, "माह्या पोरीच्या हातून आजपर्यंत एक पीस खराब नाही झाला!" टाळ्या पडल्या. शाल खांद्यावर आली तशी माझी मान खाली गेली.

"किती साधी पोट्टी आहे, पाह्य ना," मागून एक मावशी म्हणाली. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मले.

सकाळी बाबांनी पेढ्यांचा डबा हातात दिला. "पहिला पेढा तुह्या सरांना दे."

लॅबमध्ये आमच्या प्रमुख सरांनी पेढा उचलला. "किस खुशी में?"

मी सगळं सांगून टाकलं. झाकण, व्होल्टेज, सत्कार, सगळं. सरांनी पेढा परत डब्यात ठेवला आन् पेटीकडे गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मग दुसऱ्या कोणाला डबा दाखवायची हिंमतच झाली नाही.

संध्याकाळी बाबा फाटकातच उभे.

"सरांनी खाल्ला का पेढा?"

डबा पिशवीत तसाच भरलेला होता. सरांना सगळं सांगितलं होतं, बाबांसमोर मात्र मी पिशवी मागं सरकवली.

"हव, खाल्ला," मी म्हटलं.

"मग! मी म्हणलो होतो ना," बाबा खुश झाले. "उद्या अजून देतो."