नाताळचा न कापलेला केक

अगं, जवळ सरक, आणि ऐकताना तरी तो मोबाइल खाली ठेव! माझा मुलगा इथे न्यूझीलंडमध्ये सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. इंग्लंडहून आलेल्या जुन्या खाणकामगारांची एक रीत आता गावातले चिनी, इथले मूळचे माओरी सगळेच पाळतात. घरचं माणूस खाणीतून वर आल्याशिवाय नाताळचा केक कापायचा नाही. मला कुठलं ठाऊक! इथल्या पहिल्याच नाताळात नातीने हट्ट केला, मी कापला. शेजारच्या आजीबाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "सुरी ठेव आधी!"

मुलगा दोन तास उशिरा आला. तोवर आजीबाई आणि मी दाराकडे बघत बसलो होतो. आल्या आल्या म्हणतो, "आई, केक उरलाय ना?" मी धपाटाच घातला. त्या दिवशी मी इथली झाले.

आता तूही त्याच्याच खाणीत कामाला लागलीस, तेव्हा यंदा तुझ्यासाठीही केक अख्खा ठेवीन. काम संपलं की लवकर वर ये गं.